पान एकशे त्रेचाळीस

माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, लटारू भोयर, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत बसून नटांना शब्द पुरवणारा माणूस. आमच्याकडं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावोगावी नाटकं होतात. एकेक नट हंगामात सात-आठ नाटकं करतो आणि पाठांतराच्या नावानं सगळी बोंब असते. तेव्हा नाटक चालतं ते प्रॉम्प्टरच्या जिवावर, आणि टाळ्या घेऊन जातो तोंडाला रंग लावलेला माणूस. आबाजींना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, "आपन शब्दाचे हमाल. माल जसा आला तसा पोचवाचा. पदरचा एक शब्द टाकाचा नाई, आन् एक गाळाचा नाई."

त्यांना स्वतःला एकही नाटक पाठ नव्हतं. लोकांना याचं नवल वाटे. आबाजी म्हणत, वही समोर असल्यावर डोक्याला कशाला त्रास द्यायचा! दिग्दर्शकानं एखादा प्रसंग छाटला, तर तेवढ्या ओळींना ते पेन्सिलीनं चौकोनी कंस घालायचे आणि समासात बारीक फुली मारायचे. फुली दिसली की डोळ्यांनी पलीकडं उडी घ्यायची. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी पेपर वाचतानाही त्यांच्या कानावर पेन्सिल असे. त्याच पेन्सिलीनं पुढं त्यांना पकडून दिलं.

आमचं घर नागभीडजवळच्या एका गावात. हे आजीचं माहेर. मी तीन वर्षांची असताना आबाजी आणि कमळाआजी मला घेऊन इथं राहायला आले. माझी आई दुर्गा तापानं गेली, असं मला सांगितलेलं होतं. बाप विनोद मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडंच दुसरं लग्न करून बसला. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही. या गावात माझ्या आईला कुणी पाहिलेलं नव्हतं आणि घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मी नऊ वर्षांची असताना आजीही गेली. मग आम्ही दोघंच उरलो. आबाजी हंगामावर गेले की मी शेजारच्या आशाबाईकडं जेवायची, झोपायची आणि त्यांची वाट पाहायची.

दर दसऱ्याला निघण्याआधी ते मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करायचे, सुतळीनं माझी उंची मोजायचे आणि सुतळीला गाठ मारून ती खिशात टाकायचे. "पाहू, किती वाढली माही पोट्टी," म्हणायचे. परत येताना माझ्यासाठी फ्रॉक आणायचे, आणि तो असा बसायचा की जणू शिंप्यानं अंगावरच शिवला. आशाबाई म्हणायच्या, "बाप्पा! मानसाले एवढी पारख!" मला आबाजींच्या नजरेचा भारी अभिमान होता.

मी अकरा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात नागभीडच्या वाचनालयातल्या मंजुषाबाईंनी आबाजींच्या हाती पाच जाडजूड पुस्तकं दिली. मालिकेचं नाव 'राखेचं राज्य'. कुठल्यातरी परक्या भाषेतून मराठीत आणलेली. चौदा वर्षांची मिरेला नावाची मुलगी मृतहाकारी असते, म्हणजे मेलेल्यांना हाक मारून बोलावते. तिच्या घराण्यात सगळे हेच करतात, आणि सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. मला वाचता येत होतं, पण आमच्या घरी पुस्तक वाचायचं ते आबाजींनी. दुपारी जेवणं झाली की ते अंगणातल्या मांडवाखाली बसायचे आणि आळीतली पोरं भोवती जमायची.

त्यांचं वाचणं कसं होतं ते सांगायला हवं. प्रॉम्प्टर शब्द देतो, भाव देत नाही, कारण भाव हे नटाचं काम. त्यामुळं राजपुत्राचा गळा चिरला हेही ते भात शिजला म्हणावं तसं सांगायचे. तेच जास्त भयानक वाटायचं. आमच्या गावची भुतं मोहाच्या झाडावर बसतात आणि जंगलात गेलेल्याला चकवा लागतो. पुस्तकातली भुतं मात्र धुक्यात आणि दगडी किल्ल्यांत राहायची आणि फार शिष्टासारखं बोलायची. साठी उलटलेले डोमाभाऊ बैल बांधून ऐकायला यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "लटारूभाऊ, हे पोट्टी एवढी भुतं बलावते, पन जेवाले काई देते का नाई?" आबाजींनी मागची पानं चाळली आणि म्हणाले, "नाई लिवलं."

लिहिलेलं नसेल तर नसेल. मी यावरच वाढले.

दुसऱ्या भागात मिरेलाची आजी तिला हाक मारायची रीत शिकवते. तांब्याच्या भांड्यात पाणी घ्यायचं, त्यात चुलीतली राख कालवायची आणि मेलेल्या माणसाचं पूर्ण नाव तीनदा घ्यायचं. पाणी काळं होतं आणि त्यातून तो चेहरा वर येतो. मला तर हे म्हणजे देवच पावला असं झालं. आजीची तांब्याची परात घरात होती, चूल होती, राख होती.

घरामागं कडुनिंबाखाली, भर दुपारी, मी परातीत राख कालवली आणि म्हटलं, "दुर्गा विनोद भोयर." तीनदा म्हटलं. राख हळूहळू तळाशी बसली, पाणी निवळलं आणि त्यात मलाच माझं तोंड दिसलं. दुसऱ्या दिवशी जास्त राख घातली. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून बसले. चौथ्या दिवशी आबाजी मागच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी हुंदके देऊन रडत होते.

"आबाजी, माय माह्यावर रागावली काय? पुस्तकात समद्याइची येते. माही काऊन नाई येत?"

ते खाली वाकले, परात उचलली आणि उपडी केली. राखेचं पाणी कडुनिंबाच्या मुळाशी गेलं.

"चाल, घरी चाल," म्हणाले. "मोठी झाली का येईन."

मी मोठी होत गेले आणि ती आली नाही. पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडं आईच्या नावानं पान वाढायचे. त्या दिवशी आबाजींना हटकून नागभीडला काम निघायचं. आजी होती तोवर तिनं वाढलं, ती गेल्यावर मी वाढायला लागले. वडा, खीर, भात पळसाच्या पत्रावळीवर ठेवून मी कावळ्याला हात जोडायची. कावळा लगेच यायचा. आशाबाई म्हणायच्या, तुझ्या आईची काही इच्छा मागं राहिली नाही बघ, सुखात आहे. मला ते ऐकून आणखीच रडू यायचं. मी मागं राहिले होते, आणि तिला माझी इच्छा नव्हती. आता कळतं की कावळ्याला फक्त भूक लागलेली असायची.

सहा वर्षं मी असंच धरून चालले की जगात एक बाई अशी आहे जी मेल्यावरही माझ्याकडं यायला तयार नाही, आणि ती माझी आई आहे. कुणाशी मैत्री झाली की मी आधी हात आखडता घ्यायची. आपण हाक मारायची आणि समोरच्यानं यायचंच नाही, हे पुन्हा सोसायची माझी तयारी नव्हती.

बारावीची परीक्षा झाली आणि मंजुषाबाईंनी मला वाचनालयात मदतीला बोलावलं. जुन्या पुस्तकांना नवे नंबर चिकटवायचे होते. तिसऱ्या दिवशी हातात 'राखेचं राज्य'चा दुसरा भाग आला. इतक्या वर्षांनी जुनी मैत्रीण भेटावी तसं झालं. डिंकाची वाटी बाजूला ठेवून मी उभ्या उभ्याच चाळायला लागले. पान एकशे त्रेचाळीसवर पेन्सिलीचा चौकोनी कंस होता. समासात बारीक फुली.

कंसात हे होतं:

'हाक फक्त मेलेल्यांना ऐकू जाते, मिरेला. तीन हाकांनंतरही पाणी निवळ राहिलं, तर हाकाऱ्यानं रडू नये. भांडं उपडं करावं आणि घरी जावं. ज्याला आपण बोलावत होतो, तो माणूस कुठेतरी श्वास घेत आहे.'

मला आधी काहीच उमगलं नाही. वाटलं, कंटाळवाणा मजकूर म्हणून आबाजींनी गाळला असेल. मी आणखी तीन पुस्तकांना नंबर चिकटवले. चौथं पुस्तक हातात घेतलं आणि मला कडुनिंबाखालची ती उपडी केलेली परात आठवली. भांडं उपडं करावं आणि घरी जावं. मंजुषाबाईंना काय सांगून निघाले ते आठवत नाही, पण पुस्तक माझ्या हातातच होतं.

आबाजींनी दोन वर्षांपूर्वीच काम सोडलं होतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं. ते अंगणात बसले होते. पुढं मोहफुलं वाळत घातलेली आणि ते हातानं चाचपून त्यातला कचरा काढत होते.

मी विचारलं, "आबाजी, पान एकशे त्रेचाळीस काऊन गाळलं?"

कोणत्या पुस्तकातलं, हे त्यांनी विचारलं नाही. तिथंच मला उत्तर मिळालं.

"माय जित्ती हाय?"

"हाव."

"कुठी?"

"वडशाले. नाटक कंपनीत."

"कोन्त्या कंपनीत?"

मोहफुलांवरचा त्यांचा हात थांबला. "माह्याच," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माझ्या आईचा गळा गोड होता. तिला नाटकात नेलं ते आबाजींनीच. विनोदला ते खपत नव्हतं. तो तिच्यावर हात उचलायचा. एका हंगामाला ती निघाली तेव्हा त्यानं सांगितलं, गेलीस तर परत येऊ नकोस. ती परत आली, तर त्यानं दार उघडलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात नदीवर जाऊन जित्या बायकोचे पिंड पाडले. आबाजींनी तिथं मुलाचा हात धरला नाही. मला घेऊन ते या गावात आले आणि दिवाळीला पुन्हा कामावर गेले. पुढचे बारा हंगाम माझी आई रंगमंचावर उभी होती आणि हा माणूस तिच्यापासून दोन हातांवर बसून तिला शब्द देत होता. 'मिस चांदणी' नावानं तिची पोस्टरं नागभीडच्या बसस्टँडच्या भिंतीवर लागत. मी रोज त्यांच्याखालून शाळेत गेले.

"आन् फ्रॉक?" मी विचारलं.

"तुही मायच शिवत होती. मी सुतळी नेऊन देत होतो."

जन्मात पहिल्यांदा मी आबाजींना अरेतुरे केलं. "तू मले परातीपाशी रडताना पाह्यलं. पुस्तक तुह्या हातात होतं. तवाही नाई सांगतलं!"

"सांगतलं असतं तं तू तिच्यासंगं गेली असती," ते म्हणाले. "मंग मी होळीले घरी कोनासाठी येतो?"

मला त्यांची दया यायला हवी होती, असं पुढं आशाबाई म्हणाल्या. मला आली नाही. मला संताप आला. एकटं पडायची भीती त्यांना वाटली आणि एकटी पडले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागभीडहून पॅसेंजर धरली आणि वडशाला उतरले. कंपनीची पाटी शोधायला वेळ लागला नाही, स्टेशनपासूनच नाटकांचे बॅनर सुरू होतात. कलावंतांची बिऱ्हाडं मागच्या चाळीत होती. एक बाई दारात पाय पसरून बसली होती आणि मांडीवर वही ठेवून संवाद पुटपुटत होती. तोंडाला रंग नव्हता. परातीत दिसायचं तेच तोंड, फक्त पंचवीस वर्षांनी मोठं.

मी नाव सांगितलं. ती उठायला गेली आणि चौकट धरून तशीच थांबली. माझ्या खांद्यापासून पायापर्यंत तिनं नजर फिरवली, एखादं माप घ्यावं तशी. मग जे बोलली त्यासाठी मी तयार नव्हते.

"तू तं येत नाई म्हनत होती."

"कोन म्हनलं?"

"मामाजी." सासऱ्याला आमच्याकडं मामाजी म्हणतात. "दर सालाले इचारत होती मी, पोरीले आनता काय म्हनून. ते म्हनत, तिले समदं ठाऊक हाय. पन पोरगी म्हनते, जे बाई मले टाकून गेली, तिचं तोंड मले पाह्याचं नाई."

मी असं कधी म्हटलं नव्हतं. ती जिवंत आहे हेच मला ठाऊक नव्हतं! पदरचा एक शब्द न टाकणाऱ्या माणसानं माझ्या तोंडी अख्खं वाक्य घातलं होतं, आणि ही बाई ते वाक्य उशाशी घेऊन एवढी वर्षं झोपत होती. मला वाटायचं, ती हाकेला येत नाही. तिला वाटायचं, मी हाकेला येत नाही. मधे आबाजी बसले होते, दोघींची वही मांडीवर घेऊन.

तिनं आतून एक डबा आणला. त्यात सुतळ्या होत्या, बारा, आखूडपासून लांबपर्यंत, प्रत्येकीला एक गाठ. त्यातली सगळ्यात लांब तिनं माझ्या खांद्याला लावून पाहिली आणि म्हणाली, "यानंतर लई वाढली तू." मग दोघी रडलो. पण सिनेमात मायलेकी भेटतात तसं काही आमचं झालं नाही. मला एक बाई भेटली, तिनं चहा केला, त्यात साखर जास्त पडली आणि मी तो तसाच प्यायले. निघताना तिनं विचारलं, परत येशील का. मी येईन म्हटलं. अजून महिन्यातून एकदा जाते. आम्ही एकमेकींना हळूहळू शिकतोय.

घरी आल्यावर पंधरा दिवस मी आबाजींशी बोलले नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंड फिरवायची. तेही काही मागायचे नाहीत. डोमाभाऊ येऊन मध्यस्थी करायला लागले तेव्हा त्यांनाही मी फटकारलं. सोळाव्या दिवशी दुपारी मी ते पुस्तक घेऊन मांडवाखाली गेले आणि आबाजींच्या पुढ्यात बसले. त्यांना काही दिसत नव्हतं, पण कागदाचा वास त्यांना दुरून येई.

"ऐका," मी म्हटलं. "तुमी गाळलेलं वाचतो."

मला त्यांना शिक्षा करायची होती. एकेक शब्द त्यांच्या कानात ठोकायचा होता. मी त्यांच्यासारखंच सपाट वाचायला लागले. "हाक फक्त मेलेल्यांना ऐकू जाते, मिरेला. तीन हाकांनंतरही पाणी निवळ राहिलं, तर हाकाऱ्यानं रडू नये." इथवर नीट आले. "भांडं उपडं करावं आणि घरी जावं. ज्याला आपण बोलावत होतो, तो माणूस..." आणि मी अडखळले. अक्षरं समोर असून तोंडातून शब्द निघेना.

आबाजींचे डोळे मिटलेले होते. एकतीस वर्षं नट अडखळला की यायचा त्याच हलक्या आवाजात, भाव न घालता, त्यांनी मला पुढचे शब्द दिले.

"...कुठेतरी श्वास घेत आहे."

मी पुस्तकात पाहिलं. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. जन्मभर एकही नाटक पाठ न केलेल्या माणसाला हे पाठ होतं.